उरलेल्या संत्र्यांचा हिशेब: भागाकारातल्या बाकीच्या कोड्यांसाठी पायथन कसा आहे

कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा एक ढीग आहे असे समजा. सात-सातच्या ओळी लावल्या तर ३ संत्री उरतात, अकरा-अकराच्या लावल्या तर ४ आणि तेरा-तेराच्या लावल्या तर ५. ढिगात दोन हजारांहून जास्त आणि अडीच हजारांहून कमी संत्री आहेत. नेमकी किती?

शिष्यवृत्तीच्या तयारीपासून अभियांत्रिकीच्या प्रोग्रॅमिंग स्पर्धांपर्यंत याच जातीची कोडी फिरत असतात. फक्त भाजक मोठे होत जातात. नागपुरात मुलांना ती संगणकावर सोडवायला शिकवायची तर कोणते साधन घ्यावे, हा प्रश्न पालक आणि शिक्षक दोघांनाही पडतो. आमचे उत्तर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. त्याचे कारण मात्र वेग नाही. वेगाच्या बाबतीत पायथन मागेच आहे. पण त्याची पूर्णांक संख्या कितीही मोठी झाली तरी फुटत नाही आणि त्याची बाकी गणिताच्या पुस्तकातल्या बाकीसारखी वागते. या कोड्यांना नेमके हेच दोन गुण लागतात.

आधी व्यवहाराचे. पायथन फुकट आहे. विंडोजसाठीची फाइल २५-३० एमबीची असते आणि ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवरही या कामाला काही अडचण येत नाही. आवृत्ती ३.८ किंवा त्यापुढचीच घ्या, कारण बाकीच्या कोड्यांना सर्वांत उपयोगी पडणारी सोय २०१९ मध्ये ३.८ मध्येच आली. लसावि काढणारी तयार आज्ञा ३.९ पासून आहे. विंडोजवर बसवताना पहिल्याच खिडकीत तळाशी ‘पाथ’मध्ये जोडण्याची चौकट असते, तिच्यावर खूण करा. ती राहिली तर पुढे काळ्या खिडकीत आज्ञा दिल्यावर पायथन सापडतच नाही. सोबत आयडल नावाचा साधा संपादक मिळतो. तेवढा पुरे.

इथे आज्ञा आणि अंक देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष टंकताना आज्ञांची अक्षरे आणि अंक इंग्रजीच लागतात. याबद्दल पुढे सविस्तर येईलच, कारण मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यांची पहिली अडचण तिथेच येते.

उरले किती, कमी पडले किती

पायथनमध्ये बाकीचे चिन्ह % आहे. फोनच्या कॅल्क्युलेटरवरचे % म्हणजे टक्के; दोन्हींचा संबंध नाही, आणि मुलांचा पहिला गोंधळ इथेच होतो. २३ % ७ लिहिले की २ मिळतात. भागाकार हवा असेल तर दुहेरी तिरकी रेघ, २३ // ७, म्हणजे ३. दोन्ही एकदम हवे असतील तर डिव्हमॉड(२३, ७), ही जोडी (३, २) परत देते.

खरी परीक्षा उणे संख्यांची. कोड्यात नेहमीच ‘उरतात’ असे नसते, कधी ‘कमी पडतात’ असेही असते. ‘सातच्या ओळी लावताना २ संत्री कमी पडतात’ याचा अर्थ बाकी उणे २, म्हणजेच ५. पायथनमध्ये −२ % ७ लिहा, उत्तर ५ येते. सी, सी++, जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये तेच लिहिले तर −२ येते, कारण या भाषांत बाकीला भाज्याचे चिन्ह मिळते आणि पायथनमध्ये भाजकाचे. बाकी शून्य ते भाजकाहून एक कमी यांच्यातच असते, असे आपण शाळेत शिकतो. भाजक धन असला की पायथन तो नियम पाळतो. इतर भाषांत दरवेळी भाजक मिळवून पुन्हा बाकी काढावी लागते. ती एक ओळ विसरली की प्रोग्रॅम चालतो, उत्तरही देतो, आणि ते उत्तर चुकते.

५ ने, ६ ने आणि ७ ने भाग दिला तर प्रत्येक वेळी १ कमी पडतो, अशी लहानात लहान संख्या विचारली, तर संगणकाचीही गरज नाही. तिच्यात १ मिळवला की ती २१० ने भागली जाते, म्हणून उत्तर २०९. मुलांना हे आधी कागदावर करायला लावावे आणि मग यंत्राकडून पडताळून घ्यावे. क्रम उलटा झाला की ‘कमी पडणे’ आणि ‘उरणे’ यांतले नाते मुलांच्या लक्षात येत नाही.

एकेक संख्या तपासत जाणे, आणि उड्या मारत जाणे

बहुतेक जण पहिला प्रोग्रॅम एकच लिहितात: १ पासून सुरू करा, तिन्ही अटी तपासा, बसल्या नाहीत तर १ वाढवा. संत्र्यांच्या कोड्यात तो २१३ व्या तपासणीला २१३ वर थांबतो. २१३ ला ७ ने भागले तर ३ उरतात, ११ ने ४, १३ ने ५. तिन्ही भाजकांचा गुणाकार १००१ आहे, म्हणून पुढची उत्तरे १२१४ आणि २२१५. दोन हजार ते अडीच हजारांत बसणारे २२१५, तेच ढिगाचे उत्तर.

लहान कोड्याला ही रीत चालते. साध्या लॅपटॉपवर पायथन सेकंदाला साधारण कोटीच्या घरात अशा सोप्या तपासण्या करतो. उत्तर १६ अंकी असेल, म्हणजे १ वर १५ शून्ये, तर हाच प्रोग्रॅम दहा कोटी सेकंद घेईल. ती तीन वर्षांहून जास्त होतात. इथे पायथनला नावे ठेवणे सोपे आहे, पण सी++ घेतले तरी कित्येक दिवस लागतील. रीतच बदलावी लागते.

बदललेली रीत अशी. सर्वांत मोठा भाजक आधी घ्या. १३ ने भागून ५ उरणाऱ्या संख्या म्हणजे ५, १८, ३१, ४४, ५७, ७०... तेरा-तेराच्या उड्या. यांपैकी कोणत्या संख्येला ११ ने भागून ४ उरतात, एवढेच बघा. पाचव्या उडीला ७० मिळते. आता १३ आणि ११ या दोन्ही अटी पाळायच्या तर उडी १३ × ११ म्हणजे १४३ चीच हवी, म्हणून पुढे १४३ च्या उड्या. ७० ला ७ ने भागून ० उरतो, तो चालत नाही. पुढची उडी २१३, बाकी ३. झाले. एकूण सहा उड्या, २१३ तपासण्यांऐवजी.

सहा ओळींत बसणारा हा प्रोग्रॅम आमच्या मते या विषयातला सर्वांत शिकवण्याजोगा आहे. उत्तर आणि उडी ही दोन नावे ठेवा. प्रत्येक नव्या अटीसाठी, बाकी जुळेपर्यंत उत्तरात उडी मिळवत राहा. जुळली की उडीला त्या भाजकाने गुणा. बस. तीन अंकी असे नऊ वेगवेगळे मूळ भाजक घेतले तर त्यांचा गुणाकार २७ अंकांपर्यंत जाऊ शकतो. तरी उड्यांची संख्या आठ हजारांच्या आतच राहते, कारण प्रत्येक नव्या अटीला त्या भाजकाहून जास्त उड्या लागतच नाहीत. पायथन हे डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो.

इथेच पायथन आणि सी++ यांच्यातला फरक उघड होतो. सी++ ची नेहमीची मोठी पूर्णांक संख्या ९२२३३७२०३६८५४७७५८०७ ला संपते, म्हणजे १९ अंक. २७ अंकी उडी तिच्यात मावत नाही, आणि मावली नाही हे ती सांगतही नाही. आणखी एक बारकावा: गुणाकार करून मग बाकी काढायची, तर गुणाकारच आधी १९ अंकांपलीकडे जातो. तीनशे कोटींच्या वरचा भाजक असला की हा धोका सुरू होतो. पायथनमध्ये या कशाचाच विचार करावा लागत नाही. संख्या वाढत जाते आणि जागा आपोआप वाढते.

कुट्टक, आणि एका उणे एकाची करामत

भाजकच बारा-पंधरा अंकी असले तर उड्यांची रीतही अडते. तिथे जुनी युक्ती लागते. इ. स. ४९९ मधल्या आर्यभटीयात, गणितपादाच्या शेवटी, आर्यभटाने कुट्टकाची रीत दिली आहे: मोठ्या भाजकाला लहान भाजकाने भागत, बाक्यांनी बाक्यांना भागत खाली जायचे आणि मग उलट्या पावलांनी वर यायचे. कुट्टक म्हणजे कुटून बारीक करणे. इ. स. ६२९ मध्ये त्यावर भाष्य लिहिणाऱ्या पहिल्या भास्कराने दिलेले उदाहरण आजही शिकवायला उत्तम आहे: ८ ने भागून ५, ९ ने भागून ४ आणि ७ ने भागून १ उरणारी संख्या कोणती? उत्तर ८५. नवा प्रोग्रॅम लिहिला की आधी या उदाहरणावर चालवून बघावा. आकडे लहान आहेत आणि उत्तर हाताने तपासता येते.

कुट्टकाने मिळते ते व्यस्त. ७ ला कशाने गुणले म्हणजे ११ ने भागून १ उरतो? ८ ने, कारण ५६ म्हणजे ५५ अधिक १. हे ८ पायथनमध्ये घात काढणाऱ्या पॉव या आज्ञेने, पॉव(७, −१, ११) लिहून, मिळतात. आवृत्ती ३.८ मध्ये आलेली सोय ती हीच. त्याआधी ही रीत प्रत्येकाला स्वतः लिहावी लागे आणि निम्म्या चुका तिथेच होत.

आता दोन अटी जोडण्याची कृती. पहिली अट: ७ ने भागून ३. दुसरी: ११ ने भागून ४. दुसरी बाकी वजा पहिली बाकी, म्हणजे १. त्याला व्यस्त ८ ने गुणा, ११ ने बाकी काढा: ८. पहिल्या भाजकाला त्याने गुणून पहिल्या बाकीत मिळवा: ३ + ७ × ८ = ५९. म्हणजे ७७ ने भागून ५९ ही एकच अट राहिली. तिला तिसरी अट जोडा: ५ − ५९ म्हणजे −५४. ७७ चा १३ साठीचा व्यस्त १२. −५४ × १२ = −६४८, आणि −६४८ % १३ = २. मग ५९ + ७७ × २ = २१३. तेच उत्तर.

मधले −६४८ लक्षात ठेवा. सी++ मध्ये त्याची बाकी −११ येते आणि शेवटी उत्तर −७८८ निघते. ते २१३ पेक्षा बरोबर १००१ ने कमी आहे, म्हणजे बाक्यांच्या हिशेबाने चूक नाही, पण ढिगात उणे ७८८ संत्री असू शकत नाहीत. पायथनवर शिकलेली मुले पुढे सी++ कडे गेली की नेमकी इथेच ठेचकाळतात. म्हणून पायथन शिकवतानाच हा फरक सांगून ठेवावा.

सीताबर्डीला दोन गाड्या कधी भेटतात

वरची कृती भाजकांत सामाईक अवयव नसेल तेव्हाच चालते. ७, ११, १३ मूळ संख्या आहेत, म्हणून काही खटकले नाही. नागपूर मेट्रोचे कोडे घ्या. सीताबर्डीला नारंगी आणि ॲक्वा हे दोन्ही मार्ग एकत्र येतात. समजा, एका मार्गाची गाडी ६ वाजून ३ मिनिटांनी आणि नंतर दर १० मिनिटांनी येते, दुसरीची ६ वाजून ८ मिनिटांनी आणि नंतर दर १५ मिनिटांनी. दोन्ही एकाच मिनिटाला कधी येतील? (वेळा कोड्यासाठी घेतलेल्या आहेत, वेळापत्रकातल्या नाहीत.)

१० आणि १५ चा मसावि ५. इथे पॉव(१०, −१, १५) लिहिले तर पायथन चूक दाखवून थांबतो, कारण असा व्यस्त अस्तित्वातच नाही. आम्हाला ही त्याची मोठी जमेची बाजू वाटते: खोटे उत्तर देण्याऐवजी तो थांबतो. योग्य कृती अशी की आधी दोन बाक्यांतला फरक मसाविने भागला जातो का ते बघा. ८ − ३ = ५, जातो. मग फरक आणि दोन्ही भाजक मसाविने भागून घ्या: १, २ आणि ३. पॉव(२, −१, ३) म्हणजे २. आता ३ + १० × २ = २३. गाड्या ६:२३ ला भेटतील, आणि त्यानंतर दर ३० मिनिटांनी. ३० हा लसावि आहे. इथे १५० घेणारे हमखास सापडतात.

दुसरी गाडी ६:०८ ऐवजी ६:०५ ला आली, तर फरक २. तो ५ ने भागला जात नाही, म्हणून त्या दोन गाड्या एकाच मिनिटाला कधीच येणार नाहीत. उड्यांचा प्रोग्रॅम इथे अनंत काळ उड्या मारत बसतो. म्हणून त्या चक्राला मर्यादा घाला: भाजकाइतक्या उड्या होऊनही बाकी जुळली नाही तर ‘उत्तर नाही’ असे छापून बाहेर या.

लसाविऐवजी गुणाकार घेतल्याची चूक फार लपून राहते. २, ३, ४, ५, ६ यांतल्या प्रत्येकाने भागून १ उरतो आणि ७ ने पूर्ण भाग जातो, अशी लहानात लहान संख्या कोणती? पहिल्या पाच भाजकांचा लसावि ६०, म्हणून ६१, १२१, १८१, २४१, ३०१ तपासा. ३०१ म्हणजे ७ × ४३. उत्तर ३०१. गुणाकार ७२० घेतला तर पहिल्याच उडीला ७२१ मिळते, आणि ७२१ ही ७ × १०३ आहे. सगळ्या अटी बसतात, पडताळणीही होते, फक्त संख्या लहानात लहान नसते. अशी चूक पडताळणीत सापडत नाही, म्हणून लसाविची आज्ञा वापरण्याची सवयच लावावी.

ज्यांना हे सगळे स्वतः लिहायचे नाही त्यांच्यासाठी सिंपाय हे फुकट पॅकेज आहे. त्यातल्या सीआरटी या आज्ञेला दोन याद्या द्यायच्या. आधी भाजकांची, मग बाक्यांची. उत्तर जोडीने येते: संत्र्यांसाठी (२१३, १००१). सामाईक अवयव असलेले भाजकही ती सांभाळते आणि उत्तर नसेल तर ‘नन’, म्हणजे ‘काही नाही’, देते. तक्रार दोन गोष्टींची. याद्यांचा क्रम उलटा दिला तरी ती बहुधा काहीतरी उत्तर देतेच, आणि सगळ्या बाक्या शून्य असल्या तर उत्तर ० देते. कोडे ‘लहानात लहान धन संख्या’ विचारत असेल तर ० नव्हे, लसावि हे उत्तर. शिवाय स्वतःच्या फाइलला सिंपाय हेच नाव देऊ नका. पायथन पॅकेजऐवजी तुमचीच फाइल उघडतो आणि आज्ञा सापडत नाही म्हणून अडतो.

पायथन कुठे फसवतो

घातांकाची कोडी घ्या. ७ चा विसावा घात घेतला तर शेवटचा अंक कोणता? पॉव(७, २०, १०) लिहा, उत्तर १. पण ‘मॅथ’ मॉड्यूलमध्ये याच नावाची दुसरी आज्ञा आहे, आणि ती दशांश संख्या वापरते. तिच्याने ७ चा विसावा घात काढून १० ने बाकी काढली तर ० येतो. ७ चा कोणताही घात ० वर संपणे शक्य नाही. खरी संख्या ७९७९२२६६२९७६१२००१ आहे. दशांश संख्येत एवढ्या मोठ्या आकड्याला १६-१६ च्या अंतरानेच जागा असते, म्हणून शेवटचा १ गळून पडतो. नियम सरळ आहे: बाकीच्या कामात दशांशाला दारातही येऊ देऊ नका. एकेरी तिरकी रेघ पायथनमध्ये दशांश उत्तर देते, म्हणून नेहमी दुहेरी रेघ.

तीन संख्या घेणारा पॉव हा मात्र हिरा आहे. २८४३३ × २ चा ७८३०४५७ वा घात + १ ही २००४ मध्ये सापडलेली मूळ संख्या २३५७२०७ अंकी आहे. तिचे शेवटचे दहा अंक हवे असतील तर पॉव(२, ७८३०४५७, १०**१०) पुरते; १०**१० म्हणजे १० चा दहावा घात. आत तो फक्त वर्ग करत आणि बाकी काढत जातो. घातांक द्विमान पद्धतीत २३ अंकी आहे, म्हणून एवढेच टप्पे. मग २८४३३ ने गुणा, १ मिळवा आणि पुन्हा बाकी घ्या. ही शेवटची बाकी विसरली तर दहाऐवजी चौदा-पंधरा अंक मिळतात. हेच कोडे प्रोजेक्ट ऑयलर या २००१ पासून चालणाऱ्या फुकट संकेतस्थळावर ९७ व्या क्रमांकाला आहे. मजकूर इंग्रजीत असला तरी उत्तर म्हणून फक्त संख्या भरायची असते, त्यामुळे मराठी माध्यमातल्या मुलांनाही सराव करता येतो.

तीच संख्या पूर्ण काढून छापायला गेलात तर पायथन नकार देतो. आवृत्ती ३.११ पासून ४३०० अंकांहून लांब संख्येचे दशमान लेखनात रूपांतर मुद्दाम अडवलेले आहे. संख्या आत तयार असते आणि तिची बाकीही निघते, फक्त छापता येत नाही. मुलांना वाटते प्रोग्रॅम चुकला. तो चुकलेला नसतो.

आता मराठी कीबोर्डचे. प्रोग्रॅमच्या ओळीत १२ देवनागरीत लिहिले की चूक येते. पण चालू प्रोग्रॅमने विचारल्यावर कोणी देवनागरीत १२ भरले, तर भरलेल्या मजकुराचा पूर्णांक करणारी इंट ही आज्ञा ते बरोबर वाचते. नावेही देवनागरीत ठेवता येतात: बाकी, भाजक, उरलेली_संत्री हे सगळे चालते, आणि लहान मुलांसाठी आम्ही त्याची शिफारस करतो. एक अडचण मात्र येते. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र काही कीबोर्ड अदृश्य जोडचिन्ह घालून लिहितात. डोळ्यांना फरक दिसत नाही आणि पायथन मात्र न छापता येणारे अक्षर म्हणून अडतो. नावात तो र टाळावा हे बरे. व्हॉट्सॲपवरून आलेला प्रोग्रॅम तसाच चिकटवला तर सरळ अवतरणचिन्हे वाकडी झालेली असतात, वजाचे चिन्ह लांब झालेले असते आणि ओळींपुढची मोकळी जागा गेलेली असते. पायथनमध्ये ती मोकळी जागा म्हणजेच रचना. टंकून घेणे कमी वेळाचे.

वारांची कोडी

वार म्हणजे ७ ने उरलेली बाकी. दीक्षाभूमीवरचा धम्मदीक्षेचा दिवस १४ ऑक्टोबर १९५६ आणि महाराष्ट्र राज्याचा स्थापना दिवस १ मे १९६०. पायथनच्या तारखांच्या मॉड्यूलमध्ये एका तारखेतून दुसरी वजा केली की १२९५ दिवस येतात. १२९५ % ७ = ०. म्हणजे दोन्ही दिवशी एकच वार, आणि तो रविवार. वाराचा क्रमांक सोमवारला ० धरून सुरू होतो, त्यामुळे रविवारला ६ मिळतो. रविवारला १ धरून केलेल्या यादीत हा ६ शुक्रवार दाखवतो, म्हणून यादी सोमवारपासूनच लिहावी.

मागे जाणेही तितकेच सोपे. आज सोमवार, तर १०० दिवसांपूर्वी कोणता वार? −१०० % ७ = ५, म्हणजे शनिवार.

जुन्या तारखांना मात्र जपून. ६ जून १६७४ ही शिवराज्याभिषेकाची तारीख ज्युलियन दिनदर्शिकेतली आहे, आणि पायथन ग्रेगोरियन दिनदर्शिकाच मागे ताणतो. त्या शतकात दोन्हींत १० दिवसांचा फरक होता. १० % ७ = ३, म्हणून वार तीनने चुकतो. आधी तारखेत १० दिवस मिळवून मग वार काढावा.

इतरांशी तुलना, आणि कोणी काय घ्यावे

एक्सेलमधल्या मॉडची बाकी पायथनसारखीच भाजकाच्या चिन्हाची असते, आणि पाचवीच्या मुलाला स्तंभ भरून उड्या दाखवायला एक्सेलसारखे दुसरे काही नाही. पण १५ अंकांपुढे तो अंक गमावतो. जावास्क्रिप्ट ब्राउझरमध्ये फुकट आहेच, पण तिथली साधी संख्या ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच भरवशाची, आणि उणे बाकीचा प्रश्न वेगळाच. सी++ स्पर्धांसाठी शिकावेच लागते. ज्या कोड्यात कोट्यवधी तपासण्या टळतच नाहीत, तिथे पायथन घेऊन बसू नये.

शिष्यवृत्तीच्या वयाला पायथनमध्ये % आणि उड्यांचा प्रोग्रॅम, एवढेच द्यावे. नववी-दहावीला मसावि, लसावि आणि मेट्रोचे कोडे. पॉवमधला −१ अकरावीनंतर, आणि त्याआधी कुट्टक एकदा तरी कागदावर. सिंपाय सर्वांत शेवटी, स्वतःच्या प्रोग्रॅमचे उत्तर ताडून पाहायला.

आणि प्रत्येक प्रोग्रॅममध्ये दोन तपासण्या ठेवाव्यात. एक सुरुवातीची: दिलेली प्रत्येक बाकी तिच्या भाजकाहून लहान आहे का? ‘७ ने भागून ९ उरतात’ असे चुकून भरले गेले तर सूत्रांवर चालणारा प्रोग्रॅम ते मुकाट्याने २ समजून पुढे जातो, आणि मर्यादा न घातलेला उड्यांचा प्रोग्रॅम थांबतच नाही. दुसरी शेवटची: उत्तराला प्रत्येक भाजकाने भागून बाकी जुळते का? २२१५ ला ७ ने भागा, ३. ११ ने, ४. १३ ने, ५.